वेगळे व्हा : पण कोणापासून?

पहिल्या शतकात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत शुद्धीची हाक वारंवार येते. अशुद्धापासून दूर राहावे, दुराचाऱ्याला मंडळीत ठेवू नये, असे ती बजावतात. ज्यांच्या कित्येक पिढ्या 'विटाळ' या एका शब्दापायी गावकुसाबाहेर राहिल्या, त्यांना ही हाक संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संशयाला चिकित्सेची जोड हवी. शुद्धी कोण मागतो, कोणाकडे मागतो आणि तिचा निकष जन्म की आचरण, हे तपासल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने करिंथ पुन्हा वसविले, तेव्हा तेथे पाठविलेल्यांत मुक्त गुलामांचा मोठा भरणा होता. इ.स. ५४ च्या सुमारास पौलाने तेथील मंडळीला पत्र लिहिले. पाचव्या अध्यायात तो दुराचाऱ्याला बाहेर काढायला सांगतो. पण जगाशीच संबंध तोडा असा याचा अर्थ नव्हे, हेही तोच स्पष्ट करतो. त्याचा रोख मंडळीतल्याच लोभी, लुबाडणाऱ्या, मद्यपी माणसावर आहे. अकराव्या अध्यायात, प्रभुभोजनाच्या वेळी स्वतः पोटभर खाऊन गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांची तो कानउघाडणी करतो. गलतीकरांस पत्रात अंत्युखियाची पंगत आहे. याकोबाकडून माणसे येताच केफा बिगरयहूद्यांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. येथे पंगत मोडणे हाच दोष ठरला.

तरीही ही पत्रे निर्दोष नाहीत. इफिसकरांस व कलस्सैकरांस पत्रांत दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितले आहे. पंगतीतली समता धन्याच्या वाड्यात शिरली नाही. दुसऱ्या करिंथपत्रातील, सहाव्या अध्यायातला वेगळे होण्याचा उतारा तर पौलाचाच आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यात उद्धृत केलेली हाक मुळात यशयाच्या ग्रंथातली, बाबेलच्या बंदिवासातून निघणाऱ्यांसाठीची आहे. बंदिवानाच्या तोंडी ती मुक्ती असते. सत्ताधाऱ्याच्या तोंडी तीच बहिष्कार होते.

आपल्याकडे धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकली, यावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या आणि १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षा दिली. गडचिरोली तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. ते १९८२ साली वेगळे झाले. या प्रतिज्ञांतही वेगळे होणे आहे : जुनी दैवते नाकारणे, श्राद्ध न करणे. त्यांच्या जोडीला चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे, मद्यपान यांचा त्याग आणि सर्व माणसे समान मानण्याची शपथ आहे. निकष आचरणाचा आहे, जन्माचा नाही.

म्हणून प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. विदर्भात लाडवण, बावणे, कोसरे, बारके ही नावे लग्नाच्या बोलणीत अजून निघतात. विहारात एका रांगेत बसायचे आणि सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची, हे केफाच्या पंगतीतून उठण्यासारखेच आहे. अशा वेळी तोंडावर विरोध करणारा माणूस आपल्या वस्तीत आहे का, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.