केका : एका शब्दाचा इतिहास

पक्ष्यांच्या आवाजांचीं नांवें म्हणजे त्या आवाजांचीं अनुकरणें, असें आपण सहज गृहीत धरतों. परंतु हा प्रश्न वादातीत नाहीं, हें यास्काच्या निरुक्तावरून दिसतें. 'काक' हा शब्द ध्वनीच्या अनुकरणानें झाला व पक्ष्यांच्या बाबतींत असे शब्द पुष्कळ आहेत, असें यास्क म्हणतो. औपमन्यव अनुकरण मुळींच मानीत नाहीं. त्याच्या मतें हांकलून लावावयाचा तो काक. एकास शब्दांत कावळ्याचा स्वर ऐकूं येतो, दुसऱ्यास माणसाचा कावळ्याशीं असलेला व्यवहार दिसतो.

या वादाची पारख करावयास 'केका' हा शब्द उत्तम आहे. मोराची वाणी ती केका, असें अमरकोश सांगतो. केका करणारा तो केकी. अनुकरण येथें उघड आहे. पण रानांत मोराची हांक प्रत्यक्ष ऐकावी, तर ती कर्कश, बरीचशी मांजराच्या ओरडण्यासारखी वाटते. असें असतां रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत, वसिष्ठाश्रमाकडे निघालेल्या दिलीप-सुदक्षिणांच्या रथाचा घरघराट ऐकून माना उंचावणाऱ्या मोरांच्या केका कालिदासास षड्जाशीं जुळणाऱ्या वाटल्या. याचें कारण दूर नाहीं. मोर षड्ज बोलतो, अशी संगीतशास्त्राची जुनी परंपरा होती. शिवाय मोराचा विणीचा काळ पावसाळ्यांत येत असल्यामुळें त्याची हांक मेघाच्या आगमनाशीं कायमची जोडली गेली. तहानलेल्या भूमीला जें प्रिय, त्याची वर्दी देणारा स्वर कर्कश कसा वाटावा?

मराठींत या शब्दानें आणखी एक पाऊल पुढें टाकिलें. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आपल्या नांवांतील मयूर ओळखून पृथ्वी वृत्तांतील आपल्या ईशस्तवनास 'केकावलि' असें नांव दिलें. येथें केका ही मेघाची नव्हे, तर देवाच्या करुणेची वाट पाहणारी हांक झाली. आणि याच मराठींत 'केकाटणें' म्हणजे कानठळ्या बसविणारें ओरडणें! त्याचा केकेशीं कुळसंबंध जोडण्याचें कारण नाहीं. पण तशाच नादाला एकीकडे देव्हारा आणि दुसरीकडे तिरस्कार लाभावा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

तेव्हां केकेच्या जन्मापुरता यास्क खरा ठरतो. परंतु औपमन्यवाची व्युत्पत्ति टाकली, तरी त्याची दृष्टि टाकतां येत नाहीं. शब्दाला नाद पक्षी देतो. अर्थ मात्र त्या पक्ष्याकडे माणूस ज्या भावनेनें पाहतो तिच्यांतून वाढतो.