कथा सांगणाराची कीं ऐकणाराची?

आमच्या मालाडला, मार्व्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, आकाशवाणीचें प्रक्षेपणकेंद्र आहे. स्टुडिओंत बोललेला शब्द तेथें जातो आणि तेथून घरोघरीं पसरतो. परंतु घरीं ऐकणारा जें बोलतो, तें त्या मनोऱ्याला ऐकूं येत नाहीं. “छे, हें असें नव्हतें!” किंवा “आतां पुढें काय?” हे उद्गार घरच्या भिंतींतच विरून जातात. आजचें माझें भाषण ह्या विरून जाणाऱ्या उद्गारांविषयीं आहे.

निमित्त घरगुतीच आहे. आमच्या शेजारीं कॉलेजांत जाणारी एक मुलगी आहे. एका गाजलेल्या कादंबरींतील पात्रें घेऊन तिनें स्वतःची गोष्ट लिहावयास घेतली आहे. दर आठवड्याला एक प्रकरण पुरें होतें, मैत्रिणी तें वाचतात आणि लगोलग आपापलें मत कळवितात. कोणी नायिकेची बाजू घेते, कोणी पुढच्या प्रकरणासाठीं हटून बसते. एकीनें तर “त्याला मारलेंस तर तुझ्याशीं बोलणार नाहीं” अशी तंबीच दिली आहे. तिच्या आजोबांना मात्र हा प्रकार पसंत नाहीं. “दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोट कशाला?” असें ते म्हणतात. निवाडा मजकडे आला, आणि तो देण्यापूर्वीं आपल्याकडे ही चाल किती जुनी आहे हें पाहावें, असें मला वाटलें.

समर्थ रामदासांविषयीं एक आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. समर्थ रामकथा सांगत असतां मारुति गुप्तरूपानें ऐकावयास येत असे. अशोकवनांतील फुलें पांढरीं होतीं असें समर्थांनीं सांगतांच त्याला राहवलें नाहीं. प्रगट होऊन तो म्हणाला, फुलें तांबडीं होतीं, मीं स्वतः पाहिलीं आहेत. वाद प्रत्यक्ष रामचंद्रापर्यंत गेला. निकाल असा मिळाला कीं, फुलें पांढरींच होतीं. मारुतीचे डोळे संतापानें लाल झाले होते, म्हणून त्याला तीं तांबडीं दिसलीं. आख्यायिका खरी कीं खोटी हा प्रश्न येथें गौण आहे. मर्म हें कीं, ज्या समाजानें ही गोष्ट रचली, त्याला श्रोता मध्येंच उठून वक्त्याला अडवितो ह्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

ह्या संवादाचा सर्वांत धीट नमुना विदर्भांत सांपडतो. पद्मपूरचा भवभूति हा आठव्या शतकांतील नाटककार. रामायणाच्या उत्तरकांडांत सीता भूमीच्या पोटांत जाते. भवभूतीला हा शेवट मान्य झाला नाहीं असें दिसतें, कारण ‘उत्तररामचरिता’च्या शेवटीं त्यानें राम, सीता, कुश आणि लव ह्यांची भेट घडवून आणली. आणि ती घडविली कशी? गंगेच्या तीरावर वाल्मीकीनें रचलेलें नाटक चालू आहे आणि स्वतः राम प्रेक्षकांत बसला आहे. रंगभूमीवर सीतेची दुर्दशा पाहतांच त्याचें भान सुटतें, आणि हें नाटक आहे अशी आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. आपल्या कथेचा नायक आपल्याच कथेचा व्याकुळ प्रेक्षक होतो, आणि त्या व्याकुळतेंतूनच कथेचा शेवट बदलतो! ह्याच भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या आरंभीं आपली अवहेलना करणाऱ्यांना उद्देशून म्हटलें आहे कीं, काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्यासारख्या मनाचा कोणीतरी कधींतरी जन्मास येईल. एवढा मोठा कवि, पण त्याचें हें मागणें आमच्या शेजारच्या मुलीच्या मागण्याहून निराळें नाहीं : कोणीतरी वाचावें आणि मनापासून कांहीं सांगावें.

मराठींत हा प्रवाह कधीं आटला नाहीं. एकनाथांचें ‘भावार्थरामायण’ युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आलें आणि नाथांच्या हयातींत तें पुरें झालें नाहीं. उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा ह्यानें लिहिला. ऐकणाराच पुढें सांगणारा झाला! बारामतीच्या मोरोपंतांनीं तर एका रामकथेवर समाधान न मानतां नाना तऱ्हांचीं रामायणें रचलीं. त्यांतील निरोष्ठ रामायणांत प, फ, ब, भ, म हीं ओष्ठ्य अक्षरें येऊंच दिलेलीं नाहींत.

पुढें छापखाना आला आणि कथेला आठवड्याचा ठेका मिळाला. हरि नारायण आपटे ह्यांनीं 1890 मध्यें पुण्यास ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमाक्रमानें प्रसिद्ध होऊं लागली. यमूची हकीकत एकदम कळत नसे. एक अंक वाचून संपला म्हणजे पुढच्या अंकापर्यंत तिच्या नशिबाची काळजी वाचकानें वाहावयाची. पुस्तकाचें नांवच मुळीं वाचकाला केलेला प्रश्न आहे. ज्यांची ही कथा होती, त्यांतील बहुतेक स्त्रियांना त्या काळीं उत्तराचें पत्र लिहितां येत नव्हतें. कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती. ज्या थोड्याजणींना हें साधलें, त्यांत काशीबाई कानिटकर प्रमुख होत्या. लग्नानंतर, घरच्यांचा रोष सोसून त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि पुढें स्वतः लेखिका झाल्या. त्यांचा आणि हरिभाऊंचा पत्रव्यवहार मोठा होता, आणि हरिभाऊंचीं पत्रें पुढें पुस्तकरूपानेंहि आलीं. वाचक बोलूं लागणें ही केवळ हौस नसते, कधीं कधीं ती मोठी मिळकत असते, हें त्यावरून ध्यानांत येतें.

नंतर आपला हा रेडिओ आला. 1 एप्रिल 1955 रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालें. कल्पना सीताकान्त लाड ह्यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडके ह्यांचे. आठवड्यास एक गीत, असा क्रम वर्षभर चालावयाचा होता. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें तो लांबला, आणि पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन्न गीतें झालीं. कथा नवी नव्हती. शेवट सर्वांना पाठ होता. तरी गीताची वेळ झाली कीं माणसें रेडिओभोंवतीं जमत, कित्येक घरीं रेडिओला हार घालीत आणि उदबत्ती लावीत. माडगूळकरांनीं आरंभच असा योजला कीं, कुश आणि लव गात आहेत आणि खुद्द राम ऐकतो आहे. म्हणजे त्या वर्षीं महाराष्ट्रांतील प्रत्येक श्रोता रामाच्या शेजारीं बसला होता!

आणि 1988 मध्यें तर श्रोत्यांनीं कथेची लांबीच बदलून घेतली. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिका राज्याभिषेकानंतर संपणार असें दिसतांच पंजाबांत जालंदरच्या सफाई कामगारांनीं संप पुकारला. वाल्मीकि हा त्यांचा पूज्य पुरुष. त्याचा आश्रम आणि त्यानें वाढविलेलीं सीतेचीं मुलें उत्तरकांडांत येतात. तें कांड गाळलें म्हणजे कथेंतून आपणच गाळले गेलों, अशी त्यांची भावना होती. अखेर पुढचा भाग करावा लागला. भवभूतीला जो शेवट सोसवला नाहीं, त्याच उत्तरकांडासाठीं ह्या लोकांनीं काम बंद ठेविलें. दोघेहि आपापल्या जागीं खरे, कारण दोघांनाहि ती कथा आपली वाटत होती.

आतां निवाडा. आजोबांच्या बोलण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. रामकथा सर्वांची आहे, परंतु कादंबरीला तिचा एक लेखक असतो आणि त्याच्या श्रमावर त्याचा हक्क असतो. म्हणून त्या मुलीला मीं दोन अटी घातल्या. वहीच्या पहिल्या पानावर मूळ लेखकाचें नांव ठळक अक्षरांत लिहावें, आणि ही गोष्ट विकावयास काढूं नये. तिनें त्या आनंदानें मान्य केल्या. आजोबांना मात्र मीं मारुतीची आठवण दिली. ज्याला फुलांचा रंग चुकलेला सोसवत नाहीं, तो कथेचा शत्रु नव्हे. तिचा सर्वांत एकनिष्ठ ऐकणारा तोच.

परवां आजोबा जिन्यांत भेटले. तिचें नवें प्रकरण त्यांनीं वाचलें होतें. चेहरा गंभीर करून म्हणाले, “लिहिलें आहे बरें, पण त्या म्हाताऱ्या दिवाणजीला तिनें उगाच मारलें. तिला सांगा, हें मला मुळींच पटलेलें नाहीं.”

मीं म्हटलें, “तें तुम्हींच सांगा. त्याचीच ती वाट पाहत आहे.”