साडेसात हजारांची मर्यादा

१९८३ साली अमेरिकेत चार तबकड्यांचा एक संच निघाला. थेलोनियस मंक या जॅझ पियानोवादकाने ब्लू नोट कंपनीसाठी मुख्यतः १९४७ ते १९५२ या काळात केलेले सगळे ध्वनिमुद्रण त्यात एकत्र आले होते. सोबत तबकडीच्याच आकाराची पुस्तिका होती, तीत छायाचित्रे आणि तपशीलवार टिपणे. हा संच दुकानांत ठेवलेला नव्हता. तो टपालाने मागवावा लागे. प्रत्येक संचावर क्रमांक छापलेला होता, आणि साडेसात हजार संच खपले की तो पुन्हा निघणार नाही, हे प्रकाशकांनी आधीच सांगून टाकले होते. मायकेल कस्कूना आणि चार्ली लूरी यांच्या ‘मोझेक रेकॉर्ड्‌स’चे हे पहिले प्रकाशन. जुन्या संगीताच्या मर्यादित आवृत्त्या आज जगभर निघतात, आणि त्यांच्याकडे बहुतेक लोक संशयाने पाहतात: मुद्दाम टंचाई करायची आणि हौशी माणसाकडून जास्त पैसे काढायचे, एवढाच हा खेळ, असे म्हटले जाते. या प्रथेचा नव्वद वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्रतींचा आकडा आधी ठरवण्याची रीत जोखीम वाटून घेण्याच्या गरजेतून आली. ध्वनिमुद्रणाचा मालक, छोटा प्रकाशक आणि श्रोता या तिघांमधला तो करार होता. हा करार शाबूत असतो तिथे मर्यादित आवृत्तीने संगीत वाचवले आहे. तो नसतो तिथे टीकाकारांचा राग रास्त आहे.

आधी तबकडी कशी बनते ते पाहिले पाहिजे, कारण आकड्याचे मूळ तिथे आहे. मूळ फितीवरचा आवाज लॅकरचा लेप दिलेल्या चकतीवर खाचांच्या रूपाने कोरला जातो. त्या चकतीवर चांदीचा मुलामा देऊन विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात, त्यापासून धातूचा उलटा ठसा, ठशापासून पुन्हा सुलटी प्रत आणि तिच्यापासून छापण्याचा साचा तयार होतो. एका साच्यातून साधारण हजारभर चांगल्या प्रती निघतात, मग त्याच्या कडा झिजू लागतात. ही सगळी कामे पहिली तबकडी बाहेर पडण्याआधीच करावी लागतात. त्यात जुनी फीत दुरुस्त करणे, चाचणीच्या प्रती ऐकणे, वेष्टनाची छपाई, लेखकाचे मानधन आणि मालकाला द्यायची आगाऊ रक्कमही मिळवा. समजा, हा आरंभीचा खर्च तीन लाख रुपये आला. तीनशे प्रती काढल्या तर प्रत्येक प्रतीवर हजार रुपयांचा बोजा पडतो, तीन हजार काढल्या तर शंभराचा. मग तीन हजारच का काढू नयेत? कारण गिऱ्हाईक चारशेच असेल, तर उरलेल्या सव्वीसशे तबकड्यांचे वजन, गोदामाचे भाडे आणि त्यांत अडकलेले भांडवल त्या प्रकाशकाला पुढचे काम करू देत नाही. मोठी कंपनी एका गाजलेल्या गायकाच्या कमाईतून दहा पडलेल्या तबकड्यांचा तोटा भरून काढते. छोट्या लेबलाकडे असा गायक नसतो. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे गिऱ्हाइकांचा आकडा शक्य तितक्या अचूकपणे आधी ओळखणे.

ही युक्ती पहिल्यांदा ठळकपणे वापरली ती मात्र एका मोठ्या कंपनीतल्या तरुणाने, आणि तीही मंदीच्या दिवसांत. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या आसपास असलेला तबकड्यांचा खप १९३२पर्यंत साठ लाखांवर घसरला होता. इंग्लंडमध्ये १९३१ साली एचएमव्ही आणि कोलंबिया या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र येऊन ईएमआय स्थापन करावी लागली. अशा वेळी ह्यूगो वोल्फची जर्मन गीते छापायला कोण धजावणार? एचएमव्हीतल्या पंचविशीतल्या वॉल्टर लेगने तोडगा सुचवला: पाचशे वर्गणीदारांनी आगाऊ पैसे भरले तरच ध्वनिमुद्रण करायचे. वर्गणीदार मिळाले, एलेना गेर्हार्टने गीते गायली आणि ‘ह्यूगो वोल्फ सोसायटी’चा पहिला खंड निघाला. याच वाटेने आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हनचे बत्तीसही पियानो सोनाटा ध्वनिमुद्रित केले. ते सगळे एका वादकाने पूर्ण करण्याची ती पहिली वेळ. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ग्रंथाची वाट पाहणारा वाचक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि अनेक कोश व बहुखंडी ग्रंथ त्याच्याच बळावर उभे राहिले. वर्गणीदार पुस्तक विकत घेतोच, शिवाय ते निघावे की नाही याचा निर्णयही अंशतः त्याच्याच पैशाने होतो.

जुन्या तबकड्यांच्या पुनर्प्रकाशनाची गोष्टही त्याच दशकात सुरू होते, न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या एका दुकानात. ‘कमोडोर म्युझिक शॉप’ चालवणाऱ्या मिल्ट गेबलरला दिसत होते की विसाच्या दशकातल्या जॅझच्या तबकड्या लोक शोधत येतात, पण कंपन्यांनी त्या यादीतून काढून टाकल्या आहेत. मूळ साचे कंपन्यांच्या गोदामांत पडून होते. गेबलरने ठरावीक नगांची मागणी नोंदवून आपल्या खर्चाने त्या पुन्हा छापून घेतल्या आणि १९३५च्या सुमारास ‘युनायटेड हॉट क्लब्स ऑफ अमेरिका’ या नावाने ही मालिका विकायला सुरुवात केली. लेबलवर त्याने सगळ्या वादकांची नावे दिली. मूळ कंपन्यांनी ती दिली नव्हती. बँडप्रमुखाचे नाव पुरेसे आहे, असा त्यांचा समज होता. मला हे या सगळ्या इतिहासातले फार मोलाचे काम वाटते. तबकडी पुन्हा निघाली म्हणून ट्रम्पेट कोणी वाजवला, ढोल कोणाच्या हाती होते, याची चौकशी झाली आणि नाव कागदावर आले. पुढे १९४० साली कोलंबियाने जॉर्ज अवाकियन या विद्यार्थिदशेतल्या संग्राहकाला बोलावून आपल्याच कोठारातल्या जॅझची पुनर्प्रकाशन मालिका सुरू केली. मालकाला स्वतःच्या मालाची किंमत छोट्या दुकानदाराने दाखवून दिली, असा हा क्रम होता.

मोझेकने हाच क्रम चाळीस वर्षांनी पुन्हा घडवला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून कस्कूना ब्लू नोटच्या फिती चाळत होता, आणि त्यांत कधीच प्रसिद्ध न झालेली मोठी सामग्री त्याला सापडत होती. पण १९८०च्या सुमारास ब्लू नोट जवळपास बंद पडल्यात जमा होती आणि तिची मालकी असलेल्या ईएमआय-कॅपिटॉलला तीत फारसा रस नव्हता. मोझेकने मागणी अशी केली की हक्क विकू नका, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक संचांसाठी भाड्याने द्या. मोठ्या कंपनीचा वकील अशा मागणीला सहज होकार देतो, कारण त्याला काही कायमचे गमवावे लागत नाही. म्हणजे साडेसात हजारांचा आकडा हे परवानगीचे मोल होते. टपालाने विक्री केल्यामुळे वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा वाचला, आणि तो पैसा संशोधनाला व पुस्तिकेला मिळाला. गिऱ्हाइकांचे पत्ते हाती आल्याने पुढच्या संचाचा अंदाज अधिक नेमका करता आला. १९८५ साली ईएमआयने ब्रूस लुंडव्हॉलच्या नेतृत्वाखाली ब्लू नोट पुन्हा उभी केली तेव्हा पुनर्प्रकाशनाचे काम कस्कूनाकडेच आले. संच संपले आणि मंकची ती ध्वनिमुद्रणे पुढे सर्वांसाठी इतर रूपांत उपलब्ध झाली. मर्यादा त्या विशिष्ट संचाला होती, संगीताला नव्हती.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि त्याचे नाव आहे मोझेस ॲश. १९४८ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये फोकवेज रेकॉर्ड्‌स काढली आणि १९८६मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन हजारांहून अधिक तबकड्या प्रसिद्ध केल्या. लोकगीते, बेडकांचे आवाज, भाषणे, जगभरच्या जमातींचे संगीत असे सगळे त्यांत होते. यांतली एकही तबकडी त्याने यादीतून काढली नाही. स्मिथसोनियन संस्थेने १९८७ साली हा संग्रह घेतला तोही सर्व शीर्षके उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. वर्षाला पंचवीस प्रती खपणारी तबकडी ॲश कायम ठेवू शकत असेल, तर इतरांनी मर्यादेची सबब का सांगावी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ॲशच्या हिशेबातच सापडते. तो थोड्या थोड्या प्रती गरजेनुसार छापून घेई, साध्या काळ्या पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून वेष्टन बनवी आणि किंमत इतरांपेक्षा चढी ठेवी, कारण त्याची गिऱ्हाइके प्रामुख्याने शाळा आणि ग्रंथालये होती. शिवाय अनेक कलावंतांच्या हाती स्वामित्वधन फारच थोडे पडले. १९५२ साली हॅरी स्मिथने संपादित केलेला अमेरिकन लोकसंगीताचा चौऱ्याऐंशी गाण्यांचा प्रसिद्ध संचही मूळ कंपन्यांची परवानगी न घेताच निघाला होता. त्या संचाने एका पिढीचे कान घडवले, आणि तो निघाला नसता तर मोठे नुकसान झाले असते. तरी अमर्याद उपलब्धतेची किंमत तिथेही कोणीतरी मोजलीच. ती बहुतांशी वादक-गायकांनी मोजली. परवानगी घेऊन, सगळ्यांचे पैसे चुकते करून जुने ध्वनिमुद्रण काढायचे असेल, तर मालक मुदत आणि आकडा मागणारच. ॲशकडून घेण्यासारखे आहे ते थोड्या प्रती पुन्हा पुन्हा छापण्याचे तंत्र, आणि जिथे हक्क स्वतःकडे आहेत तिथे ते न वापरणाऱ्या लेबलाला खरेच सबब नाही.

दुसरा आक्षेप आजच्या बाजाराबद्दल आहे, आणि त्यातला बराचसा मला मान्य आहे. २००८ साली स्वतंत्र दुकानांना आधार म्हणून ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ सुरू झाला. हेतू चांगला होता, पण हळूहळू मोठ्या कंपन्यांनी आपल्याच खपाऊ तबकड्या वेगळ्या रंगात, आकडा घालून त्या दिवशी काढायला सुरुवात केली. त्या आकड्यामागे भाडेकरार नाही, भांडवलाची अडचण नाही, वर्गणीदारही नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या तबकड्या दुप्पट-तिप्पट भावाने पुन्हा विक्रीला येतात आणि मधला नफा ना कलावंताला मिळतो ना दुकानाला. शिवाय छापखान्यांची क्षमता मर्यादित आहे. लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. त्यांतला कॅलिफोर्नियातला २०२० साली आगीत खाक झाला. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांचा खप १९८७नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेला, तेव्हा मोठ्या मागण्यांच्या रांगेत तीनशे प्रतींचे लेबल महिनोन्‌महिने ताटकळले. त्याच वर्षी मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. साच्यांच्या दोन पायऱ्या गाळून, म्हणून कमी प्रती, अशी तिच्या खास मालिकेची ख्याती होती. पण मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती जाहीर झाल्यावर लोकांना प्रश्न पडला की एवढ्यासाठी मूळ फीत कितीदा वाजवावी लागेल? अखेर कंपनीच्या तंत्रज्ञांनी मधल्या टप्प्यावर डिजिटल प्रत वापरली जाते हे मान्य केले. श्रोत्यांचा संताप आवाजाच्या दर्जाबद्दल फारसा नव्हता. आकड्यामागे सांगितलेले कारण खरे नव्हते, याबद्दल तो होता, आणि तो योग्य होता.

तिसरा आक्षेप असा, की सगळे संगीत आता फोनवर मिळत असताना या खटाटोपाची गरजच काय? याला उत्तर म्हणून मुंबईतले एक उदाहरण पुरे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. ती खपली नाही आणि विसरली गेली. २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या डच लेबलाने ती पुन्हा काढली, आणि पुढे शिकागोत जन्मलेल्या ॲसिड हाउस संगीताची चाहूल तिच्यात पाच वर्षे आधी लागते, हे जगभरच्या श्रोत्यांच्या ध्यानात आले. ही तबकडी फोनवर ‘आपोआप’ येणार नव्हती. मालकाच्या कोठारात ती आहे याची कोणाला आठवणच नव्हती. कोणीतरी जुनी प्रत शोधावी लागली, वादकाला गाठावे लागले, मालकाशी बोलणी करावी लागली, टिपण लिहावे लागले. त्या श्रमाचा खर्च शेकड्यांनी मोजता येणाऱ्या गिऱ्हाइकांनी उचलला, आणि सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंग यांना युरोपात मैफली करण्याची संधी मिळाली. २०१५ साली त्यांचे निधन झाले. फोनवर ते संगीत आज कोणीही ऐकू शकतो, ते या क्रमानंतर.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणांना हा हिशेब लावून पाहिला तर एक विचित्र अडचण दिसते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९५०च्या दशकातल्या नाट्यपदांच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा हक्क आता उरलेला नाही. कवी आणि संगीतकार यांचे हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात, आणि मूळ फिती किंवा साचे ज्याच्या कोठारात आहेत त्याच्याच ताब्यात राहतात. त्यामुळे इथल्या छोट्या प्रकाशकाला परवानगी कंपनीकडे मागण्यापेक्षा वारसांकडे अधिक मागावी लागेल, आणि फीत मिळाली नाही तर संग्राहकाच्या घरातल्या, सुईने घासलेल्या लाखेच्या तबकडीवरून आवाज उचलावा लागेल. मुंबई परिसरात अलीकडे तबकड्या छापण्याची सोय पुन्हा झाली आहे, तेव्हा युरोपातून माल आणण्याचा खर्च आणि जकात टळू शकते. राहिला प्रश्न पाचशे वर्गणीदारांचा. आकडा लेगने मागितला होता तेवढाच आहे. पैसे आधी घेताना प्रकाशकाने कोणाचे हक्क घेतले, कोणाला किती दिले आणि पाचशेनंतर काय करणार, हे तीन तपशील वेष्टनावर छापले, तर तो मिळणे अशक्य नाही.