'खुकरी'चे शेवटचे तास

३ डिसेंबर १९७१, संध्याकाळ. पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध पेटलं. वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू होती. अकोला-अमरावतीकडे सगळ्यांचे कान रेडिओला. समुद्रातही पुढचा सगळा खेळ कानांचाच होता.

८ डिसेंबर. दीवच्या आसपास पाकिस्तानी पाणबुडी वावरतेय, हे तिच्या रेडिओ-संदेशांवरून नौदलाला कळलं होतं. 'खुकरी' आणि 'किरपाण' या फ्रिगेट मुंबईहून तिच्या मागावर निघाल्या. जोडीची 'कुठार' बॉयलरच्या दुखण्यानं मागेच राहिली. त्याच रात्री आपल्या 'विनाश' नौकेची क्षेपणास्त्रं कराचीवर पडली.

९ डिसेंबर, दिवसभर. शोधणाऱ्यांचाच माग निघाला. कमांडर अहमद तस्नीम यांच्या फ्रेंच बनावटीच्या 'हंगोर' या त्याच पाणबुडीनं दोन्ही जहाजं टिपली. तिचा सोनार कितीतरी लांबचं ऐकायचा. 'खुकरी'चा अगदी जवळचंच. तो सुधारण्याची एक जोडणी 'खुकरी'वर तपासली जात होती. वेग वाढला की पाण्याच्या खळखळाटात काही ऐकू येत नाही, म्हणून जहाज बारा नॉटवर. पुढे या प्रयोगावर बरंच खापर फुटलं. मला ते पुरतं पटत नाही. कमी ऐकणारी जहाजं अशा पाणबुडीवर धाडायची, हे तर मुंबई सोडण्याआधीच ठरलं होतं.

रात्र. दीवपासून सुमारे ४० सागरी मैल. 'हंगोर' त्यांच्या वाटेवर दबा धरून बसली. पहिला पाणतीर 'किरपाण'वर सोडला. तो फुटलाच नाही.

८.५०. दुसरा 'खुकरी'च्या तळाशी फुटला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाईफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, उडी मारायला कचरणाऱ्यांना पाण्यात ढकललं. स्वतः जहाज सोडलं नाही.

स्फोटानंतर जहाज तगलं जेमतेम दोन-तीन मिनिटं. खालच्या मजल्यांवरच्यांना वर यायला सवडच मिळाली नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जहाजाबरोबर गेले.

तिसरा पाणतीर पुन्हा 'किरपाण'वर. ती वळली, निसटली. पाण्यात माणसं तरंगत असताना तिला दूर जावं लागलं; थांबती तर तीही गेली असती.

१० डिसेंबर. 'कच्छल' या जहाजाला सोबत घेऊन 'किरपाण' परतली. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक हाती लागले. मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. 'हंगोर'साठी नौदलानं पुढचे चार दिवस समुद्र पिंजून काढला. ती कराचीला सुखरूप पोचली.