नाव फाइलचे, दर्जा चित्राचा

लग्न-मुंजींच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आणि व्हीसीडी अनेक घरांत आजही जपून ठेवलेल्या असतात. त्यांतील चित्रण संगणकावर उतरवून घेताना ‘फाइल एमपी४ आहे, म्हणजे चित्र उत्तमच असणार’ असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात फाइलचे नाव आणि चित्राचा दर्जा यांचा संबंध इतका सरळ नाही. तो समजून न घेतल्यास पुन्हा कधीही न मिळणारे चित्रण कायमचे बिघडू शकते.

डबा आणि ऐवज

फाइलच्या नावाच्या शेवटी, टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांना एक्स्टेंशन म्हणतात. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही खरे तर डब्यांची नावे होत. चित्र, आवाज आणि सबटायटल्स या डब्यात एकत्र ठेवलेली असतात. चित्र कोणत्या पद्धतीने साठवले आहे, हे मात्र ‘कोडेक’वरून ठरते. एमपी४च्या डब्यात २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीचे चित्रण असू शकते, तसेच २०१३ सालच्या एच.२६५चेही. एव्हीआयचे नाव बदलून एमपी४ केल्यास डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते, आतला ऐवज तोच राहतो.

एन्कोडिंग कशासाठी?

१९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र, सेकंदाला २५ चौकटी या वेगाने, जसेच्या तसे साठवायचे म्हटले तर प्रत्येक सेकंदाला सुमारे १५५ एमबी जागा लागेल. म्हणून कोडेक एका चौकटीतून दुसरीत न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतो. गाळलेले बारकावे परत मिळत नाहीत. त्यामुळे फाइल जितक्या वेळा नव्याने एन्कोड करावी, तितका दर्जा घसरत जातो.

प्रत्येक सेकंदासाठी किती माहिती खर्च होते, ते बिटरेट सांगतो. पाच मेगाबिट बिटरेटचे एक तासाचे चित्रण सुमारे सव्वादोन जीबी भरते. मात्र कोडेक जितका नवा, तितके कमी बिटरेटमध्येही चित्र चांगले राखता येते. म्हणूनच केवळ फाइलच्या आकारावरून दर्जा ठरवणे योग्य नव्हे.

नावातील संकेत

‘७२०पी’, ‘१०८०पी’ हे आकडे चित्रातील आडव्या रेषांची संख्या दाखवतात. ‘पी’ म्हणजे संपूर्ण चौकट एकदम, तर ‘आय’ म्हणजे एकाआड एक रेषा. ‘एक्स२६४’ हे एच.२६४ पद्धतीने एन्कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव आहे. पण नाव कोणीही टाइप करू शकतो. आपल्याकडील व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते. ते ताणून १०८०पी केल्यास बिंदू वीसपट होतात, बारकावे मात्र एकानेही वाढत नाहीत.

काय करावे?

फाइलमध्ये खरोखर काय आहे, हे ‘मीडियाइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरने किंवा व्हीएलसी प्लेयरच्या ‘टूल्स’ मेनूतील ‘कोडेक इन्फर्मेशन’मध्ये पाहता येते. केवळ डबा बदलायचा असेल, तर पुन्हा एन्कोड न करता ‘एफएफएमपेग’च्या ‘कॉपी’ पर्यायाने, नव्या डब्यात तो कोडेक चालत असल्यास, तसे करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रण ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवल्यास ते कॉम्प्रेस होते. मूळ फाइल जावी यासाठी ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय वापरावा.

कॅसेटवरून प्रथम उतरवलेली फाइल हीच मूळ प्रत समजावी आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. काटछाट नेहमी तिच्या नकलेवरच करावी. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि प्रसंग लिहून शेवटी ‘मूळ’ किंवा ‘नक्कल’ असा शब्द जोडावा. नावाने चित्र सुधारत नाही. पण मूळ फाइल चुकून पुसली जाण्यापासून ते नक्कीच वाचवू शकते.