इष्ट राशी ते क्ष

शाब्दिक उदाहरण सोडवताना पहिली पायरी ठरलेली: ‘ती संख्या क्ष मानू.’ मानण्याची ही रीत क्षपेक्षा पुष्कळ जुनी. फरक इतकाच की, पूर्वी अक्षराऐवजी थेट एखादी संख्याच मानत.

इजिप्तमध्ये इ.स.पू. १५५०च्या सुमारास आह्मोस या लेखनिकाने उतरवून काढलेल्या ऱ्हाइंड पपायरसात एक उदाहरण आहे. एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात, राशी कोणती? तो बेधडक ७ धरतो. सात आणि एक आठ. मग आठाचे एकोणीस व्हायला जेवढी पट लागते, तेवढीच साताची करायची: १६ पूर्णांक ५/८.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) हेच ‘इष्टकर्म’. भुंग्यांचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर गेली. एक भुंगा उरला. एकूण ३० माना. ६, १० आणि १२ गेले, २ उरले. उरायला हवा होता एक, म्हणून तीसचे निम्मे: १५ भुंगे.

पण त्यांच्याच ‘बीजगणिता’तल्या एका उदाहरणात ही युक्ती अडते. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी. दुसऱ्याकडे १० घोडे, पण १०० नाण्यांचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. घोड्याची मानलेली किंमत दुप्पट केली, तरी ती ३०० नाणी दुप्पट होत नाहीत. म्हणून भास्कराचार्य अज्ञात किमतीला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि मांडतात: एका ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, कर्जाच्या आकड्यावर टिंब. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, ‘रू’ म्हणजे रूप, सुटी संख्या. वजाबाकी केली की ४ घोडे म्हणजे ४०० नाणी. एक घोडा १०० नाण्यांचा. आणखी अज्ञात असले, तर त्यांना ते रंगांची नावे देतात; तशी नावे ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही (६२८) आहेत.

युरोपात गणितज्ञ व्हिएतने १५९१मध्ये अज्ञातांना स्वर दिले, तर देकार्तने १६३७मध्ये वर्णमालेतली शेवटची अक्षरे. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यांच्या जागी क्ष आणि य बसवले.

आह्मोसची रीत मात्र बाद झाली नाही. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार शेकडेवारीच्या गणितात मूळ किंमत १०० मानतो, ते इष्टकर्मच. गणितात सुटी रक्कम आली, की मात्र त्यालाही क्ष लिहावा लागतो.