पॅरिसमधील उपाहारगृहे आणि कॅफे

पॅरिसमधील उपाहारगृहे आणि कॅफे : फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विकसित झालेली सार्वजनिक खानपानगृहांची परंपरा. तीत मुख्यतः तीन प्रकारच्या संस्थांचा अंतर्भाव होतो : कॉफी व अन्य पेये देणारे ‘कॅफे’, मागणीनुसार भोजन देणारे ‘रेस्तोराँ’ आणि पाव भाजून विकणारी बेकरी म्हणजे ‘बूलांजेरी’. मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द खाण्याच्या ठिकाणालाही लावला जातो. फ्रान्समध्ये मात्र निवासाची सोय व भोजनाची सोय यांची नावे वेगळी आहेत. आज जगभर रूढ असलेले उपाहारगृहाचे स्वरूप—स्वतंत्र टेबल, खाद्यपदार्थांची छापील यादी, प्रत्येक पदार्थाची ठरलेली किंमत व अखेरीस बिल—हे पॅरिसमध्ये अठराव्या शतकात घडले. घराबाहेर कोणी, कोणाबरोबर व किती खर्चात जेवावे, हा प्रश्न या शहरात अनेकदा राजकीय प्रश्न ठरला, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये तयार अन्नाचा व्यवसाय व्यवसायसंघांच्या कडक नियमांनी बांधलेला होता. भाजलेले मांस विकणारे, डुकराच्या मांसाचे पदार्थ करणारे, पेस्ट्री करणारे, पाव भाजणारे आणि शिजवलेले जेवण पुरविणारे (त्रेतर) यांचे संघ वेगवेगळे असून, प्रत्येक संघ आपल्या हक्कांविषयी दक्ष असे. प्रवाशाला किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला जेवणासाठी ‘ताब्ल दोत’ म्हणजे यजमानाचे टेबल हाच मुख्य आधार होता. ही पद्धत बरीचशी आपल्याकडील खाणावळीसारखी होती. जेवणाची वेळ ठरलेली, पदार्थ ठरलेले व टेबल सर्वांचे एकच; पात्रे मध्यभागी मांडली जात आणि नेहमीचे गिऱ्हाईक पात्राजवळची जागा धरून बसत. उशिरा आलेल्याच्या किंवा परक्याच्या वाट्याला उरलेसुरले येई.

कॅफे : कॉफीची ओळख पॅरिसला पूर्वेकडून झाली. १६६९ मध्ये ऑटोमन सुलतानाचा दूत सुलेमान आगा फ्रेंच दरबारी आला, तेव्हा उच्चभ्रू वर्गात या पेयाविषयी कुतूहल निर्माण झाले. १६७२ मध्ये पास्काल नावाच्या आर्मेनियन गृहस्थाने सँ झेर्मँच्या जत्रेत कॉफीचे दुकान मांडले. तथापि कॅफेला प्रतिष्ठा मिळवून दिली, ती फ्रान्चेस्को प्रोकोप्यो या सिसिलियन व्यावसायिकाने. त्याने १६८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्रोकोप’ या कॅफेत संगमरवरी टेबले, आरसे व झुंबरे होती. १६८९ मध्ये ‘कॉमेदी फ्रांसेझ’ ही नाट्यसंस्था समोरच येऊन राहिल्याने नट, नाटककार व प्रेक्षक तेथे जमू लागले. पुढे व्हॉल्तेअर, रूसो, दीद्रो यांसारख्या विचारवंतांचाही तेथे राबता असे. एका पेल्याच्या किंमतीत कोणालाही तासन्‌तास बसता येई आणि चर्चा ऐकता येई; त्यामुळे कॅफे हे लोकमताचे केंद्र बनले. १२ जुलै १७८९ रोजी काम्यी देमूलँने पाले रॉयालच्या परिसरातील ‘कॅफे द फ्वा’ या कॅफेबाहेर टेबलावर चढून लोकांना शस्त्रे घेण्याचे आवाहन केले; त्यानंतर दोनच दिवसांनी बॅस्तीलचा पाडाव झाला.

रेस्तोराँचा उदय : ‘रेस्तोराँ’ हा शब्द मुळात जागेचे नाव नव्हता. शक्ती पुन्हा भरून काढणारा, मांस दीर्घकाळ उकळून केलेला पौष्टिक अर्क असा त्याचा अर्थ होता. असा अर्क नाजूक प्रकृतीच्या लोकांना देणारी दुकाने १७६० नंतरच्या दशकात निघाली व पदार्थाचे नाव कालांतराने दुकानाला मिळाले. या संदर्भात एक कथा शतकभराहून अधिक काळ सांगितली गेली. तीनुसार १७६५ मध्ये बूलांजे नावाच्या व्यावसायिकाने अर्काबरोबर मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात शिजवून विकले. त्रेतरांच्या संघाने त्याच्यावर खटला भरला. रिबेका स्पँग या इतिहासकार विदुषीने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अशा खटल्याचा पुरावा दप्तरांत आढळत नसल्याचे दाखवून दिले. तिच्या मते या व्यवसायाचा आद्य प्रवर्तक मात्यूरँ रोझ द शांत्वाझो हा होय. त्याने १७६६ मध्ये असे दुकान काढले आणि शहरातील व्यापारी व कारागीर यांच्या पत्त्यांची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली.

अर्क विकणाऱ्या या दुकानांनी जेवणाच्या रीतीत मूलगामी बदल केला. आजारी माणसाला भूक केव्हा लागेल याचा नेम नसतो, म्हणून ती दिवसभर उघडी राहत. त्याला काय मानवेल हे त्यालाच ठाऊक, म्हणून निवड त्याच्याकडे असे. आणि त्याला निवांतपणा हवा, म्हणून त्याला स्वतंत्र टेबल मिळे. ही सोय निरोगी गिऱ्हाइकांनाही आवडली व अर्काच्या जोडीला इतर पदार्थ आले. १७८० नंतरच्या दशकात आंत्वान बोव्हील्ये (१७५४—१८१७) या राजघराण्याच्या सेवेतून आलेल्या आचाऱ्याने उत्तम मद्ये, नीटनेटके सेवक व सजविलेली दालने असलेले रेस्तोराँ चालविले.

क्रांतिकाल : सरदार देशोधडीला लागले, त्यांचे आचारी बेकार झाले व त्यांनी रेस्तोराँ काढली, अशा रीतीने ही संस्था क्रांतीतून जन्मली, असे सांगण्यात येते. हे अंशतःच खरे आहे. रेस्तोराँ क्रांतीपूर्वीच स्थिरावले होते. मात्र १७९१ मध्ये व्यवसायसंघ रद्द झाल्यामुळे कोणालाही कोणताही पदार्थ करून विकण्याची मोकळीक मिळाली आणि व्यवसायाचा विस्तार झाला.

क्रांतीला अन्नाचा प्रश्न दुहेरी भेडसावत होता. पाव हे सामान्य पॅरिसवासीयाचे मुख्य अन्न असल्याने त्याचा तुटवडा म्हणजे सत्तेची कसोटी असे. ऑक्टोबर १७८९ मध्ये पावाच्या मागणीसाठी बाजारातील स्त्रिया व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला पॅरिसला यावे लागले. त्याच महिन्यात साठेबाजीच्या संशयावरून जमावाने द्‌नी फ्रांस्वा या बेकरीवाल्याला फाशी दिली. १७९३ मध्ये श्रीमंतांचा पांढरा व गरिबांचा काळा हा भेद मोडून सर्वांसाठी एकाच प्रकारचा ‘समतेचा पाव’ भाजण्याचा हुकूम निघाला. याउलट रेस्तोराँत शेजारीशेजारी बसलेली माणसे आपापल्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळे अन्न घेत. दार सर्वांना उघडे, पण यादीतील किंमत मात्र निवड करणारी. हा विरोध क्रांतिकारकांना जाणवल्यावाचून राहिला नाही. १७९४ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रस्त्यांवर टेबले मांडून गरीब-श्रीमंतांची सहभोजने झाली. परंतु या बंधुभावाच्या आड शत्रू दडत असल्याचा संशय घेऊन शासनानेच लवकरच त्यांना विरोध केला. त्याआधी, २० जानेवारी १७९३ रोजी, राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत देणाऱ्या लपल्त्ये द सँ-फार्जो या प्रतिनिधीचा पाले रॉयालमधील एका रेस्तोराँतच खून झाला होता.

एकोणिसावे शतक : नेपोलियनच्या काळात राजकारण बाजूला पडून रसास्वादाला महत्त्व आले. ग्रिमो द ला रेन्येर (१७५८—१८३७) याने १८०३ पासून खवय्यांसाठी वार्षिक पंचांग प्रसिद्ध करून खाद्यसमीक्षेचा पाया घातला. ब्रीया-साव्हारँ (१७५५—१८२६) याचा रसनेवरील ग्रंथ १८२५ मध्ये निघाला. १८१४–१५ मध्ये विजयी दोस्त सैन्यांचे अधिकारी पॅरिसच्या भोजनालयांत जेवून गेले व त्यांची कीर्ती यूरोपभर पसरली. ‘बिस्त्रो’ हे छोट्या भोजनालयाचे नाव ‘लवकर’ या अर्थाच्या रशियन शब्दावरून त्या वेळी पडले, ही व्युत्पत्ती मात्र शंकास्पद आहे; कारण हा शब्द छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आढळतो.

मध्यम व श्रमिक वर्गांसाठी स्वस्त भोजनालयेही निघाली. ड्यूव्हाल या खाटकाने १८५० नंतरच्या दशकात ‘बूइयाँ’ नावाची भोजनालये सुरू केली. सूप, उकडलेले मांस, स्वच्छ टेबल, ठरलेले कमी दर व वाढण्यास स्त्रिया ही त्यांची वैशिष्ट्ये होती. १८९६ मध्ये स्थापन झालेले ‘शार्त्ये’ हे या प्रकारातील भोजनालय आजही चालू आहे. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर (१८७०–७१) अल्सेसमधून आलेल्या लोकांनी बिअर व आंबवलेली कोबी देणाऱ्या ‘ब्रास्री’ लोकप्रिय केल्या, तर ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रदेशातून कोळसा विकण्यास आलेल्यांनी कोळशाच्या जोडीला मद्य विकत अखेर शहरातील बहुसंख्य लहान कॅफे हाती घेतले.

याच युद्धात पॅरिसला वेढा पडला, तेव्हा भोजनातील विषमता विदारकपणे उघड झाली. सामान्य लोक कोंडामिश्रित पावासाठी रांगेत उभे असता प्राणिसंग्रहालयातील प्राणी कापले गेले. कास्तॉर व पॉल्यूक्स या हत्तींचे मांसही विकले गेले. ‘व्हाझँ’ या उंची रेस्तोराँची १८७० च्या नाताळातील खाद्ययादी अशा पदार्थांमुळे प्रसिद्ध आहे.

बूलांजेरी व पेस्ट्रीगृहे : पॅरिसच्या बेकरीवर परकीय प्रभावही आहे. सु. १८३८ मध्ये आउगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने ‘बूलांजेरी व्येन्वाझ’ ही व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिच्यातील चंद्रकोरीच्या आकाराच्या पावापासून ‘क्रवासाँ’ची परंपरा सुरू झाली, लोण्याच्या पापुद्र्यांचे आजचे रूप त्याला विसाव्या शतकात आले. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्याशी किंवा राणी मारी आंत्वानेतशी त्याचा जोडला जाणारा संबंध ही दंतकथा होय. त्सांग १८४८ मध्ये मायदेशी परतला व त्याने तेथे वृत्तपत्र काढले. परंतु अशा लोणीयुक्त पदार्थांना फ्रेंचमध्ये आजही व्हिएन्नावरूनच नाव आहे.

पेस्ट्रीगृहांपैकी ‘स्तोरेर’ हे १७३० पासूनचे आहे. ‘लाद्यूरे’ ही १८६२ ची बेकरी १८७१ मधील कम्यूनच्या धामधुमीत जळाली व पेस्ट्रीगृह म्हणून पुन्हा उभी राहिली. पुढे अशा ठिकाणी चहाची दालने निघाली. कॅफेत एकट्या स्त्रीने बसणे गौण मानले जात असता, मध्यमवर्गीय स्त्रियांना घराबाहेर मैत्रिणींसह बसण्याची सोय या दालनांनी करून दिली.

पावाच्या या वैभवामागे तळघरात रात्रभर कणीक मळणाऱ्या कामगारांचे कष्ट होते. पॅरिस कम्यूनने एप्रिल १८७१ मध्ये बेकऱ्यांतील रात्रपाळी बंद केली. पण कम्यूनबरोबरच तो हुकूमही संपला. १९१९ च्या कायद्याने रात्री १० ते पहाटे ४ या वेळात काम करण्यास बंदी घातली. लवकर भाजून होणारा ‘बागेत’ हा लांबट पाव या कायद्यामुळे आला, असे म्हणतात. तथापि लांब पाव त्यापूर्वीही होते, कायद्याने त्यांच्या प्रसारास हातभार लावला एवढेच. वाढप्यांची स्थितीही फारशी बरी नव्हती. मालकाकडून वेतन जवळजवळ नसे, बक्षिशीवर गुजराण करावी लागे व मिशा ठेवण्यासही बंदी असे. १९०७ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा मिशांचा हक्क ही त्यांची एक मागणी होती.

विसावे शतक व त्यानंतर : ओग्यूस्त एस्कॉफ्ये (१८४६—१९३५) याने सेझार रित्झच्या सहकार्याने स्वयंपाकघराची विभागवार रचना रूढ केली, त्याचा पाककृतींचा प्रमाणग्रंथ १९०३ मध्ये निघाला. मिशलँ या टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत १९२६ पासून भोजनालयांना तारे देण्यास प्रारंभ झाला. मोंपार्नास व सँ झेर्मँ भागांतील कॅफे चित्रकार-लेखकांचे अड्डे बनले. ‘कॅफे द फ्लोर’मध्ये सार्त्र व सिमोन द बोव्हार लेखन करीत. १९७३ मध्ये गो व मीयो या समीक्षकांनी जड रश्श्यांऐवजी हलक्या, ताज्या पाकक्रियेचा (नूव्हेल क्वीझीन) पुरस्कार केला.

शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांनी मळलेल्या व गोठविलेल्या कणकेमुळे पावाचा दर्जा घसरला आणि १९८७ मध्ये त्याच्या किंमतीवरील नियंत्रणही उठले. तेव्हा शासनाने दर्जाच्या रक्षणाकडे लक्ष वळविले. १९९३ च्या हुकमान्वये ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ मिश्रकांविना व न गोठविता करणे आवश्यक ठरले. १९९८ च्या कायद्यान्वये जेथे कणीक मळून तेथेच पाव भाजला जातो, त्याच दुकानाला ‘बूलांजेरी’ म्हणता येते. क्रवासाँला हा नियम लागू नसल्याने अनेक ठिकाणी ते कारखान्यातूनच येतात. उत्कृष्ट बागेतसाठी पॅरिस शहर १९९४ पासून वार्षिक स्पर्धा घेते. विजेता वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाव पुरवितो. फ्रेंच भोजनपद्धतीचा २०१० मध्ये व बागेतच्या कारागिरीचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

या वारशाचा भार आज बऱ्याच अंशी स्थलांतरितांवर आहे. पॅरिसच्या स्वयंपाकघरांत आफ्रिका व दक्षिण आशियातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. २००८ मध्ये त्यांच्यापैकी परवाने नसलेल्या अनेकांनी संप करून कायदेशीर वास्तव्याची मागणी केली. १३ नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांत कॅफे व रेस्तोराँबाहेर बसलेले लोक लक्ष्य झाले, तेव्हा नागरिकांनी पुन्हा तेथेच बसणे हा निषेधाचा मार्ग मानला. कोविड महासाथीत मार्च २०२० मध्ये सर्व कॅफे व रेस्तोराँ बंद झाली. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर पुन्हा बंद झालेली ही ठिकाणे मे २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने उघडली. बेकऱ्या मात्र या काळात चालू होत्या. पाव ही जीवनावश्यक वस्तू व रेस्तोराँ ही सोय, हा क्रांतिकाळातील भेद शासनाने नकळत पुन्हा मान्य केला. अलीकडे जुन्या बूइयाँच्या धर्तीवर स्वस्त भोजनालये पुन्हा निघाली असून (उदा., २०१७ मधील ‘बूइयाँ पिगाल’) त्यांच्या दारी रांगा लागतात. उत्तम अन्न थोड्यांसाठी की सर्वांसाठी, या जुन्या प्रश्नाला पॅरिसने दिलेले हे एक व्यवहारी उत्तर होय.